घामातला शरद

टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओत शरद ऋतू सर्वांत आधी पोचतो तो किराणा दुकानाच्या दारात. सप्टेंबर लागला की तिथे केशरी भोपळ्यांनी भरलेली भलीमोठी खोकी येतात, मक्याची वाळकी रंगीत कणसं येतात आणि त्यांच्या शेजारी दालचिनीचा वास लावलेले झाडू. हे झाडू केर काढायचे नाहीत, शोभेला दाराशी अडकवायचे. बाहेर ऊन ९५ अंशांचं, म्हणजे आपल्या हिशेबात ३५. दार सरकलं की एसीच्या गारव्याबरोबर दालचिनीचा भपकारा नाकात. लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू वाहणाऱ्या घरात वाढलेल्या बाईला या झाडूचं नवल वाटायचं काही कारण नाही. मी एक घेऊन येते. दिवाळीपर्यंत त्याचा वास उडून जातो, पण पूजेला वासाची अट नसते.

इथल्या माणसांची एक ठरलेली खंत आहे, 'आमच्याकडे फॉलच नाही.' फॉल म्हणजे शरद, आणि शरद म्हणजे त्यांच्या मनातलं ईशान्येकडचं थंड राज्य व्हरमाँट, लाल-पिवळी मेपलची पानं, गळ्यात मफलर. दक्षिण टेक्ससमध्ये लाइव्ह ओक नावाचं झाड भरपूर, आणि ते पानं गाळतो वसंताच्या तोंडावर, तीही नवी पालवी ढकलायला लागल्यावर. व्हँडरपूल गावाजवळच्या दऱ्यांमध्ये मेपलची थोडी झाडं टिकून आहेत, त्या जागेचं नावच 'लॉस्ट मेपल्स', हरवलेले मेपल. नोव्हेंबरात ती रंगली की रंग बघायला लोकांची रीघ लागते.

मला मात्र या खंतीत सामील होता येत नाही. मी नगरकडची. आमचा शरद म्हणजे ऑक्टोबर हीट. पाऊस गेलेला, ऊन चामडी सोलणारं, शेतात ज्वारीची पेरणी आणि घरात घटाला रोजची माळ. आयुर्वेदात तर शरद हा पित्त भडकण्याचाच काळ. नवरात्रात घामाघूम होऊन गरबा खेळणाऱ्याला कुणी सांगितलं नाही की बाबा, थंडी पडेपर्यंत थांब. सण आला म्हणजे ऋतू आला. या हिशेबाने बघितलं तर टेक्ससला शरद आहे, आणि चांगला दणदणीत आहे.

भोपळ्याचं तेवढं खरंच अवघड होतं. कोरलेला भोपळा या उन्हात तीन-चार दिवसांत आतून बुरसटतो आणि मग बसकण मारतो. मुरलेले लोक म्हणून भोपळा कोरत नाहीत, रंगवतात. गंमत अशी की बरेचसे भोपळे टेक्ससचेच असतात. लबक शहराच्या बाजूला उंच पठारावर फ्लॉयडाडा नावाचं छोटं गाव आहे, राज्याची भोपळ्यांची राजधानी म्हणून मिरवतं. डॅलसच्या वनस्पतिउद्यानात दर शरदात हजारो भोपळ्यांची घरं रचतात. लोक लेकरांना स्वेटर घालून तिथे फोटोला उभं करतात. फोटो झाला की आधी स्वेटर उतरतो.

पण माझा सर्वांत आवडता प्रकार 'मम'. मम म्हणजे शेवंती. शाळांचा होमकमिंगचा, म्हणजे माजी विद्यार्थ्यांना परत बोलावण्याचा, फुटबॉल सामना असतो, त्या दिवशी मुलींनी शेवंती माळायची अशी टेक्ससची रीत. कधी काळी ती खरोखरची होती, छातीवर टाचलेलं एक फूल आणि चार फिती. आता फूल कापडाचं, ताटाएवढं, कधी दोन-तीन जोडलेली. त्याला शाळेच्या रंगांच्या फिती पार घोट्यापर्यंत, मध्ये टेडी अस्वल, घुंगरं, छोट्या घंटा, हल्ली तर लुकलुकणारे दिवेही. टाचणीला वजन पेलत नाही म्हणून गळ्यात अडकवतात. मुलगे दंडाला त्याचीच लहान आवृत्ती बांधतात. विकत घेतलं तर शेकडो डॉलर जातात, म्हणून आया आठवडेच्या आठवडे गोंदाची बंदूक घेऊन बसतात. आमच्या शेजारची मुलगी ते घालून अंगणात आली तेव्हा पोळ्याच्या बैलासारखी वाजत होती. हे मी तिच्या आईला सांगितलं नाही. इतर राज्यांतल्या अमेरिकनांना हे दाखवलं तर त्यांचाही विश्वास बसत नाही. शुक्रवारी संध्याकाळी मैदानावरच्या प्रखर दिव्यांखाली अशा शंभर-दीडशे मुली चालायला लागल्या की तो आवाज ऐकण्यासारखा असतो.

डॅलसची जत्राही जाऊन बघावी अशी. १८८६पासून भरते, सप्टेंबरअखेर सुरू होते आणि २४ दिवस चालते. आत ५५ फुटी काउबॉयचा पुतळा, बिग टेक्स, 'हाउडी, फोक्स' म्हणून हाळी देतो. हा मूळचा सांताक्लॉज. केरेन्स गावाने १९४९मध्ये नाताळच्या गिऱ्हाइकांसाठी उभारला, जत्रेवाल्यांनी ७५० डॉलरला विकत घेऊन १९५२मध्ये त्याचा काउबॉय केला. २०१२ साली १९ ऑक्टोबरला तो आग लागून जळाला. त्या वर्षी दसरा २४ला होता. फोटो बघून आमच्या मंडळींनी 'रावण पाच दिवस आधीच' म्हटलं, आणि लगेच जिभा चावल्या, कारण टेक्ससवाल्यांना खरंच वाईट वाटलं होतं. पुढच्या वर्षी नवा उभा राहिला. जत्रेत काय तळत नाहीत ते विचारा. लोणी तळतात, कोक तळतात, बिअरसुद्धा तळली आहे. भजीवर पोसलेल्या माणसाने नावं ठेवू नयेत. पण तळलेलं लोणी एकदा खाल्लं तेवढं पुरे.

ऑक्टोबर सरत आला की सॅन अँटोनिओ पिवळं होतं, पानांनी नाही, झेंडूने. मेक्सिकन घरांत मृतांच्या दिवसासाठी वेदी मांडतात. गेलेल्यांचे फोटो, त्यांच्या आवडीचं खाणं, पाव, पाणी, मेणबत्त्या आणि भरघोस झेंडू. त्याच सुमाराला उत्तरेकडून मेक्सिकोकडे निघालेली मोनार्क फुलपाखरं टेक्ससवरून जातात, आणि ती म्हणजे परतणारे पूर्वज असं तिकडे मानतात. आपल्याकडे हे काम कावळ्याकडे. झेंडू मूळचा त्यांचाच, मेक्सिकोचा. तिथे तो पितरांचा आणि आपल्याकडे दसऱ्याच्या तोरणाचा. दसरा उशिरा असला की मी त्यांच्याच फुलवाल्याकडून तोरणाची फुलं घेते. तो विचारतो, घरात कोण गेलं? मी म्हणते, कुणी नाही, आज गाडीची पूजा आहे.

आपट्याचा प्रश्न बरीच वर्षं होता. लोक कागदाची पानं कापायचे. मग एकदा मैत्रिणीचा फोन, "अगं, आपटा सापडला! नर्सरीत आहे, कुंडीत." ते निघालं अ‍ॅनाकाचो ऑर्किड, नैर्ऋत्य टेक्ससच्या अ‍ॅनाकाचो डोंगरांतलं अस्सल स्थानिक झाड, आपट्याच्याच कुळातलं. पान नखाएवढं, पण दुभंगलेलं. सोनं म्हणून हातात ठेवलं तर आमच्या काकू म्हणाल्या, "हे गुंजभरच आहे की!" तरी घेतलं.

कोजागरीला दूध आटतं तेव्हा चारोळी मिळेलच असं नाही. अक्रोडासारखं पिकॅन मात्र मुबलक, त्याचं झाड हा टेक्ससचा राज्यवृक्ष. ऑक्टोबर-नोव्हेंबरात फळं गळू लागली की नदीकाठच्या बागांत म्हातारी माणसं पिशव्या घेऊन वाकलेली दिसतात. तेच भरडून दुधात घालतो. किंचित तेलकट लागतं, केशर सढळ हाताने घालावं लागतं, आणि पेले फ्रीजमध्ये गार करून मगच गच्चीवर न्यावे लागतात, कारण रात्री दहालाही हवेत उकाडाच असतो.