केस का नाही केली, तुम्ही विचारलंत म्हणून

डोंबिवलीत मावशीकडे गेले की पहिल्या चहाबरोबर हा प्रश्न येतो. इथे फ्रीमाँटमध्ये गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेतानाही येतो. "डॉक्टरांच्या चुकीमुळे आईचं एवढं झालं, मग तुम्ही केस का नाही केलीत? अमेरिकेत तर कोट्यवधी मिळतात म्हणे." इतकी वर्षं मी "जाऊ दे ना" म्हणत आले. आता एकदाच, नीट सांगते.

आमच्या कॅलिफोर्नियात कोट्यवधी मिळत नव्हते. उपचारांचा खर्च आणि बुडालेली कमाई यांच्या भरपाईला मर्यादा नव्हती. पण वेदना, दुःख, माणूस गेल्याची पोकळी यासाठी जास्तीत जास्त २.५ लाख डॉलर, तेही सगळ्या कुटुंबाला मिळून. हा आकडा १९७५ च्या मिक्रा कायद्यातला, म्हणजे डॉक्टरांच्या चुकीच्या भरपाईवर मर्यादा घालणाऱ्या राज्याच्या कायद्यातला. तेव्हा डॉक्टरांच्या विम्याचे हप्ते भडकले होते, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातल्या भूलतज्ज्ञांनी काम थांबवलं होतं. त्यानंतर महागाई कुठल्या कुठे गेली, आकडा तिथेच राहिला. ज्यूरीला ही मर्यादा सांगतही नसत. त्यांनी कितीही रक्कम ठरवली तरी न्यायाधीश नंतर कापणार.

फेब्रुवारी २०१७. रात्री अकराला आईच्या पोटात एकदम दुखायला लागलं. वय ७१, हृदयाचे ठोके अनियमित. इमर्जन्सीत नर्सने विचारलं, फोनवर दुभाषी घेऊ का? मी म्हटलं, नको, मी आहे ना. मग तिने विचारलं, दुखणं दहापैकी किती? आई म्हणाली, "आकड्यात काय सांगू गं, कुणीतरी आतडी पिळून काढतंय. जीव चाललाय माझा." मी इंग्रजीत सांगितलं, सात.

सात का? दहा म्हटलं तर कांगावा वाटेल, म्हणून. आम्ही आवाज न चढवणारी माणसं. रांगेत उभी राहणारी.

पोट हाताला मऊ लागत होतं. डॉक्टर तरुण होता, चांगला बोलत होता. स्कॅन केला नाही. अॅसिडिटीचं औषध लिहून दिलं आणि पहाटे चारला घरी पाठवलं. गाडीत आई मागच्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती, आणि मी तिला म्हणत होते, "डॉक्टरांनी बघितलंय ना, आता झोप." दुपारी दुसऱ्या हॉस्पिटलात तिचं पोट उघडलं, तेव्हा आतड्याच्या धमनीत गुठळी अडकलेली होती आणि बहुतेक आतडं काळं पडलं होतं. ठोके अनियमित असलेल्या वयस्कर माणसाला अचानक असह्य दुखलं आणि पोट मात्र मऊ लागलं, तर आधी याचीच शंका घ्यायची असते. हे मला त्या सर्जनबाईंनी सांगितलं, अगदी हळू आवाजात. दुसऱ्या दिवशी आई गेली.

आता केसचं. मुदत एक वर्षाची. तीन वकिलांकडे गेले. पहिल्या दोघांनी फोनवरच नाही म्हटलं. तिसऱ्याने सगळे कागद वाचले. त्याच्या मते चूक स्पष्ट होती. मग त्याने विचारलं, आईची कमाई किती? नव्हती. तुम्ही तिच्या पैशांवर अवलंबून होता? नाही. मी सांगितलं, ती पहाटे उठून माझ्या मुलांचे डबे करायची, त्यांना शाळेतून आणायची, धाकट्याला रामरक्षा तिनेच शिकवली. त्याने ते लिहून घेतलं. मग वहीच्या त्याच पानावर हिशेब मांडून दाखवला. तज्ज्ञांच्या साक्षी, जबाब, दोन-तीन वर्षं, हा खर्च आधी त्याच्या खिशातून, त्याची फी शेवटी हातात येणाऱ्या रकमेतून, आणि त्या रकमेवर कायद्याची कात्री. कमावता चाळिशीचा माणूस असता तर घेतली असती, म्हणाला. मुलं, गृहिणी, म्हातारी माणसं यांच्या केसेस घेणं परवडत नाही. आणि एक गोष्ट त्याने दाखवली: इमर्जन्सीच्या नोंदीत लिहिलेलं होतं, "मुलीच्या सांगण्यानुसार वेदना सात." समोरचे वकील तिथूनच सुरुवात करतील.

इथपर्यंत ऐकून तुम्ही हळहळता. पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही.

नोव्हेंबर २०१४ मध्ये ही मर्यादा सुमारे ११ लाखांवर नेणारा प्रस्ताव ४६ थेट जनतेच्या मतदानाला आला होता. मी विरोधात मत दिलं. नुसतं मत नाही. त्या दिवाळीत माझ्या डॉक्टर मैत्रिणीच्या घरी फराळाला गेले होते, तिथे विरोधी मोहिमेसाठी शंभर डॉलरचा चेकही दिला. ती म्हणाली, हप्ते वाढले तर बाळंतपणं करणारे डॉक्टर राज्य सोडतील. ते मला पटलं. त्या मोहिमेने साडेपाच कोटी डॉलरहून जास्त पैसा ओतला, त्यातला मोठा वाटा डॉक्टरांचा विमा उतरवणाऱ्या कंपन्यांचा. रोज टीव्हीवर तेच, टपालपेटीत रोज नवं पत्रक. प्रस्तावाच्या बाजूने मुख्यतः वकिलांचा पैसा होता, त्याहून कितीतरी कमी. त्यांनी डॉक्टरांच्या मादक पदार्थ चाचणीचं कलम सोबत बांधलं होतं आणि सगळी चर्चा त्याच्यावरच झाली. सुमारे ६७ टक्के मतं विरोधात गेली आणि प्रस्ताव पडला.

तेव्हाच्या मला मी पुष्कळदा धारेवर धरते. तुला पैशाने फसवलं म्हणावं, तर मतदारांसाठीची अधिकृत पुस्तिका टेबलावर पडलेली होती, तू उघडली नाहीस. पण तेव्हाची मी मला उलट विचारते: उघडली असती तर कळलं असतं का, की २.५ लाख म्हणजे आईचे डबे? नसतं कळलं. आणि मैत्रिणीचं म्हणणं सगळंच खोटं होतं, असं मी आजही म्हणू शकत नाही. दोन्ही बाजूंच्या देणग्या राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोत, आमदारांच्या दारी जातात. आमच्यासारख्यांचं कुणीच जात नाही. त्यात मी माझे शंभर टाकले.

२०२२ मध्ये वकील आणि डॉक्टर यांच्या संघटनांनी आपसांत तडजोड केली. माणूस दगावल्यास मर्यादा ५ लाख, दरवर्षी वाढत २०३३ पर्यंत १० लाख. जानेवारी २०२३ पासून दाखल झालेल्या दाव्यांना लागू. आमची मुदत केव्हाच संपलेली.

बातमी आली त्या दिवशी मैत्रिणीचा फोन आला. "तुला बरं वाटलं असेल ना गं?" म्हणाली. मी विचारलं, त्या रात्री तू असतीस तर आईला घरी पाठवलं असतंस का? ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "रात्री तीनला, खाटा भरलेल्या असताना, सात ऐकून... माहीत नाही."

मग आम्ही मुलांच्या कॉलेजबद्दल बोललो.