दक्षिण ध्रुव भरला, स्ट्रीमर हलला

गेल्या नोंदीत अडून बसलेला स्ट्रीमर (सूर्याच्या प्रभामंडळातला बाहेर निमुळता होत जाणारा तेजस्वी पट्टा) अखेर जागेवर आला! २१ ऑगस्ट २०१७ च्या ग्रहणाच्या फोटोवर पीएफएसएस या मॉडेलच्या (ते सूर्याच्या पृष्ठभागाच्या चुंबकीय नकाशावरून प्रभामंडळातलं क्षेत्र काढतं) रेषा टाकल्या की तो दक्षिणेकडे घसरलेला दिसायचा. सोर्स सरफेस (ज्या गोलापलीकडे मॉडेल सगळ्या रेषा खुल्या धरतं) २.५ सौरत्रिज्यांवरून २ वर आणून पाहिला. स्ट्रीमर बुटका झाला, खुला फ्लक्स (अवकाशात निघून जाणारं चुंबकीय क्षेत्र) वाढला, घसरण मात्र तशीच.

गोम होती दक्षिण ध्रुवात. सूर्याचा अक्ष ७.२५ अंश कललेला आहे, त्यामुळे ऑगस्टमध्ये उत्तर ध्रुव आपल्याकडे असतो आणि दक्षिण ध्रुव दिसतच नाही. गाँग या पृथ्वीवरच्या दुर्बिणजाळ्याच्या चुंबकीय नकाशात तिथे जे असतं ते अंदाजाने भरलेलं असतं. त्यात १८० ओळींच्या साइन-अक्षांश ग्रिडमध्ये (ओळी अक्षांशाच्या साइननुसार समान अंतरावर) ८१.५ अंशांपासून ध्रुवापर्यंतचा सगळा भाग शेवटच्या एकाच ओळीत येतो. २०१७ मध्ये उत्तरेला धन आणि दक्षिणेला ऋण क्षेत्र होतं. दक्षिण कमी भरली गेली की उत्तर वरचढ ठरते आणि करंट शीट (धन आणि ऋण क्षेत्रांमधली सीमा, जिच्यावर स्ट्रीमर उभा असतो) खाली ढकलली जाते.

निव्वळ फ्लक्स शून्य व्हावा म्हणून आपण सगळे नकाशातून सरासरी वजा करतो ना, त्यानेच हे झाकलं जातं. वजाबाकीने फक्त एकध्रुवी पद (सगळीकडे सारखा असलेला भाग) जातं, द्विध्रुवापासून पुढच्या पदांना धक्काही लागत नाही. म्हणजे निव्वळ फ्लक्स शून्य दिसतो आणि ध्रुव लंगडाच राहतो. सरासरी किती निघाली हे वजा करण्याआधी बघाच, दोषाची खूण तिथेच होती.

मग मार्च २०१७ आणि मार्च २०१८ च्या नकाशांतल्या दक्षिणेच्या ओळी घेतल्या (मार्चमध्ये तो ध्रुव समोर असतो), ग्रहणाच्या तारखेसाठी इंटरपोलेट केल्या आणि जोडल्या. काहीही वजा न करता सरासरी शून्याजवळ आली! स्ट्रीमर उत्तरेला सरकून फोटोवर बसला. ती प्रतिमा मी कितीतरी वेळ बघत होतो.

अजून पीएफएसएसपायवर (हे मॉडेल चालवणारी पायथन लायब्ररी) असाल तर तिच्या जागी आलेल्या सनकिट-मॅजेक्सवर या. जुन्याची देखभाल थांबली आहे.

पुढे एचएमआय या अवकाशातल्या उपकरणाचे बारीक नकाशे वापरणार होतो, पण हे लिहितानाच बेत बदलला. मार्च २०२५ मध्ये सोलर ऑर्बिटर यानाने सौर विषुववृत्ताच्या १७ अंश खालून दक्षिण ध्रुव पाहिला आणि तिथे दोन्ही ध्रुवता मिसळलेल्या सापडल्या. सौरचक्राच्या मॅक्सिममजवळ (सूर्य सर्वांत सक्रिय असताना) असं असेल तर दोन मार्चमधलं माझं गुळगुळीत इंटरपोलेशन तिथे टिकणार नाही. म्हणून आधी २०२५ चा ध्रुव याच रीतीने भरून त्या निरीक्षणांशी ताडून बघतो. एचएमआय नंतर.