गावाची खोली आणि मॉरिशसचं लोणचं

मुंबईत डिलाईल रोडच्या एका चाळीत आमच्या गावाची खोली आहे. गिरण्या चालू होत्या तेव्हा तिथे पाळीपाळीने तीसेक माणसं झोपायची. आता दोन पोरं राहतात आणि महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मंडळाची मीटिंग भरते. मी अठरा वर्षं या मंडळाचा खजिनदार आहे. म्हणजे लोकांच्या खिशातून पैसे काढायचे आणि वर त्यांच्याच शिव्या खायच्या, हे माझं काम.

जानेवारीत माझी भाची तिच्या कलिनाच्या विद्यापीठातल्या वर्गातल्या एका मुलीला घेऊन खोलीवर आली. मुलगी मॉरिशसची. आडनाव आपलं, घरात भाषा क्रिओल, मराठी पुस्तकातली. तिच्या खापरपणजोबांच्याही आधीची पिढी रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेली. "काका, मला आपला सल्ला हवा आहे," असं तिने इतक्या शुद्ध मराठीत म्हटलं की मी आधी तिला चहा दिला.

तिला लोणच्याचा धंदा काढायचा होता. त्यांच्याकडे त्याला 'आशार' म्हणतात. कोबी, गाजर, फरसबी उभी चिरून, मोहरी, हळद आणि व्हिनेगर घालून करतात. चिरायचं मशीन, स्टीलची टेबलं, बरण्या असं धरून चार लाख मॉरिशस रुपये हवे होते, आपले सात-साडेसात लाख. बँकेने तारण मागितलं आणि दोन वर्षांचा ताळेबंद. धंदा सुरूच झाला नाही तर ताळेबंद कुठून आणणार? म्हणून तिने क्राउडफंडिंगचा, म्हणजे इंटरनेटवर हाक देऊन खूप लोकांकडून थोडे थोडे पैसे जमवायचा बेत केला होता. लॅपटॉपवर व्हिडिओ, रंगीत तक्ते, सगळं तयार.

मी म्हटलं, "म्हणजे वर्गणीच की." तिला शब्द माहीत होता, त्यांच्याकडे गणपती जोरात असतो आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. पण ती म्हणाली, "नाही काका, हे वेगळं आहे. इथे अनोळखी लोक देतात."

इथेच गाडी अडते. मंडळासाठी मी शाळेचं छप्पर, स्मशानाची शेड आणि देवळाचा सभामंडप अशा तीन मोठ्या वर्गण्या काढल्या. पैसे काढायची पद्धत तिन्ही वेळा एकच. पहिली वीस नावं घरची. त्यांची रक्कम पावतीपुस्तकावर चढल्याशिवाय पुस्तक बाहेर काढायचं नाही. कोरं पुस्तक बघितलं की माणूस 'बघू, पगार होऊ दे' म्हणतो. पाच हजारांची चार नावं दिसली की तोच माणूस मुकाट दोन हजार लिहितो. अनोळखी लोक देतात हे खरं, पण ते शेवटी येतात. आणि आमच्या गावाचे पैसे गावातून आलेच नाहीत. ते परळ, विरार, नालासोपाऱ्यातून आले. गावात राहिलेल्यांनी श्रमदान केलं आणि सूचना केल्या.

बेटाचंही तेच. मॉरिशसची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. 2011 च्या जनगणनेत आपली कल्याण-डोंबिवली साधारण तेवढीच होती. दुसरे बेट-देश बघा: बार्बाडोस तीन लाखांच्या आत, तुवालू जेमतेम अकरा हजार. एवढ्यात 'क्राउड' म्हणजे गर्दी ती कुठली होणार? गर्दी बेटाबाहेर आहे, त्यांच्या चाकरमान्यांची. मॉरिशसचे लोक फ्रान्स, इंग्लंड, ऑस्ट्रेलियात आहेत. पॅसिफिकमधल्या तोंगा बेटांची माणसं बाहेरून घरी पाठवतात ती रक्कम देशाच्या उत्पन्नाच्या चाळीस टक्क्यांच्या घरात जाते. म्हणजे देण्याची सवय आहेच, फक्त ती घरखर्चाला आहे, धंद्याला नाही.

आणि हे सगळं समुद्रातल्या वायरवर. जानेवारी 2022 मध्ये तोंगाजवळ ज्वालामुखी फुटला, केबल तुटली, आणि मुख्य बेटावर नीट इंटरनेट यायला पाचेक आठवडे लागले. त्या महिन्यात कुणाची मोहीम चालू असती तर तिचं काय झालं असतं?

पुढची अडचण तिला तिच्याच लॅपटॉपवर दिसली. किकस्टार्टर हे अशा मोहिमांचं संकेतस्थळ 2009 पासून आहे, पैसे कुणीही कुठूनही देऊ शकतो, पण मोहीम उघडायला ठरावीक दोन डझन देशांतलं बँक खातं आणि पत्ता लागतो. त्या यादीत मॉरिशस नाही. सिंगापूर आहे. (ते बेटच, पण तिथे कुणाला लोणच्याच्या मशीनसाठी झोळी पसरायची वेळ येत असेल असं वाटत नाही.) मॉरिशसने 2021 मध्ये क्राउडफंडिंगचे स्वतःचे नियम केले आहेत, ही त्यातली बरी बातमी. आपल्याकडे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने 2014 मध्ये चर्चेचा मसुदा काढला आणि नंतर विषय थंडच आहे. खाजगी कंपनीने वर्षाला दोनशेच्या वर लोकांना शेअर देऊ करायचे नाहीत आणि जाहिरात तर करायचीच नाही. त्यामुळे 'तुमच्याकडे मुंबईत कसं करतात' या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे पावतीपुस्तकच होतं.

मी तिला जमैकाच्या बॉबस्लेवाल्यांचं, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीच्या शर्यतवाल्यांचं सांगितलं. 2014 मध्ये सोचीच्या हिवाळी ऑलिंपिकला जायला त्यांच्याकडे पैसे नव्हते. इंटरनेटवर 80 हजार डॉलरची हाक दिली, काही दिवसांत त्याहून जास्त जमले. वर कुत्र्याचं चित्र असलेल्या डिजिटल नाण्यातूनही हजारो डॉलर आले. पण ते जमैकाचे होते, बर्फात घसरणारे उष्ण कटिबंधातले लोक, जगाला आधीच माहीत असलेली गंमत. कोबीच्या लोणच्याची बातमी कोण करणार?

ती हसली, मग हिशेब दाखवला. 15 युरो देणाऱ्याला एक बरणी घरपोच. बरणीला खर्च तीन, संकेतस्थळाचे पाच टक्के, कार्डवरून पैसे घ्यायचे अजून तीनेक टक्के, टपाल सहा. "टपाल सहा कुणी सांगितलं?" तिने अंदाजाने लिहिलं होतं. मग चौकशी केली. काचेची बरणी, भोवती पुठ्ठा, सगळं अर्धा किलोच्या वर. कुरिअरने सांगितलेला दर 15 युरोंपेक्षाही जास्त निघाला. म्हणजे जितके जास्त लोक पैसे देणार तितका तिचा तोटा वाढणार.

यात मी शहाणपणा करण्यात अर्थ नाही. आमच्या चुलतभावाने कोकमाच्या आगळाचा धंदा काढला तेव्हा मीच साठ जणांकडून हजार-हजार आगाऊ घेऊन दिले होते. मे महिन्यात प्रत्येकाला सहा बाटल्या द्यायच्या. बुचं हलकी घेतली. टेम्पो खोलीवर पोचला तेव्हा निम्म्या खोक्यांखालून लाल ओघळ. दोन वर्षं तो पैसे फेडत होता आणि दोन वर्षं मला प्रत्येक बारशाला कुणीतरी "खजिनदार, आगळ?" असं विचारत होतं. बँकेचं कर्ज बुडवलं तर नोटीस येते. गावाचं बुडवलं तर गणपतीत घरी जायची चोरी. बेटावर तर मुंबईला पळून जायचीही सोय नाही.

त्रिनिदादमध्ये याच ओळखीच्या जोरावर 'सू-सू' चालते, जमैकात 'पार्टनर' चालते. दोन्ही म्हणजे आपली भिशी. पार्टनर सांभाळणाऱ्याला ते 'बँकर' म्हणतात, हे मला फार आवडलं. आईची भिशी वीस वर्षं चालली, कागद एक नाही. पण भिशीतून पहिलं मशीन येतं, कारखाना येत नाही.

तिचा घोळ शेवटी माझ्या बायकोने सोडवला. ती भाजी निवडत ऐकत होती. म्हणाली, "बरणी पॅरिसला पाठवताच कशाला? मुंबईचा मुलगा पैसे देतो, सिलिंडर गावात आईकडे जातो ना?" पैसे पॅरिसहून घ्यायचे, बरणी पोर्ट लुईच्या मावशीच्या दारात ठेवायची, आणि मावशीचा बरणीसकट फोटो भाच्याला पाठवायचा. टपाल गेलं, स्कूटरचं पेट्रोल राहिलं. आकडाही मग त्या मुलीने चार लाखांवरून सव्वा लाखावर आणला. मशीन पहिल्या वर्षी सेकंडहँड, टेबलं मामाच्या बंद पडलेल्या हॉटेलातली.

जूनमध्ये ती परत गेली. जाताना माझ्या वहीच्या एका पानाचा फोटो काढून घेतला: नाव, गाव, रक्कम, जमा, बाकी.

परवा तिने तिच्या वहीचं पान पाठवलं. सतरा नावं झाली आहेत, मराठी आकड्यांत. पहिलं नाव आजीचं. आजीच्या पुढे 'बाकी'.