हर्णै बंदरावरचा सर्व्हे

आज लिलाव आटोपल्यावर हर्णैला मासळीवाल्या मावशींकडे बसलो. आमच्या फिजिओथेरपीच्या प्रोजेक्टसाठी नॉर्डिक प्रश्नावली भरून घेत होतो. १९८७ ची आहे. शरीराचे ९ भाग, गेल्या १२ महिन्यांतलं आणि ७ दिवसांतलं दुखणं विचारते.

"कंबर दुखते का?" तर सगळ्यांचं एकच, "नाय गो, काय नाय." मग विचारलं, उठताना हात टेकावा लागतो का? बर्फाने सुरकुतलेली बोटं पदराला पुसत एक मावशी म्हणाल्या, "त्याशिवाय कोण उठतं?"

हे दुखणं त्यांनी कामातच धरलंय, आणि मला त्याचाच राग येतो. उकिडवं बसून तासन्‌तास कोळंबी सोलायची म्हणजे गुडघे पूर्ण दुमडलेले. बसायला थोडा उंच पाट असला तरी तो ताण कमी होईल. पुढच्या खेपेला बसण्याची उंचीही मोजायची, सरांशी उद्याच बोलते.