आणखी एकच

दुपारचा एक वाजून गेला की आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ताटं येऊ लागतात. जेवायला सुरुवात करण्याआधी ताटाचा फोटो टाकायचा, हा आमच्या व्यायामाच्या बूट कॅम्पचा नियम. परवा मी वरणभातावर लिंबू पिळलं, तूप सोडलं, पहिला घास कालवला आणि मग फोटोची आठवण झाली. कालवलेला भात चारचौघांत दाखवायचा नसतो, असं माझं पक्कं मत आहे. डाव्या हाताने कोशिंबिरीची वाटी अशी सरकवली की निम्मा भात तिच्यामागे जावा, तुपाची वाटी पार पाण्याच्या तांब्यापलीकडे नेली, कडेची भाकरी पुढे ओढली आणि फोटो काढला. सरांचं उत्तर लगेच आलं. 'छान. प्रोटीन कुठंय?'

ग्रुपवरची ताटं बघत बसणं हा हल्ली माझा दुपारचा विरंगुळा झालाय. इतकी शहाणी ताटं मी एकाही घरात जाऊन पाहिलेली नाहीत. मोडाची मटकी, बिटाचे काप, दोन चमचे भात, तोही हातसडीचा. आमच्यातल्या एका बाईंच्या ताटात काकडीच्या चकत्या असतात. त्यातल्या एका चकतीला कडेला खळगा पडलाय. तो खळगा सोमवारी होता, बुधवारीही होता. मी कुणाला बोलले नाही.

आमचे सर पंचविशीचे. आमच्यातल्या निम्म्या जणींची मुलं त्यांच्याहून थोरली, तरी ते सर आणि आम्ही मॅडम. फार कीव आली तरच ते 'ताई' म्हणतात, आणि 'ताई' ऐकू आलं की समजावं, आज आपलं काही खरं नाही. पहाटे साडेपाचला शाळेच्या मैदानावर जमायचं. भिंतीवर 'शरीर हीच खरी संपत्ती' रंगवलेलं, खाली ट्रकचा टायर, जाड दोरखंड, नारिंगी शंकू आणि सरांच्या गळ्यात शिट्टी. बूट कॅम्प हे मुळात अमेरिकी लष्करातल्या नव्या रंगरुटांना घडवण्याचं ठिकाण. आमच्याकडे ते सोसायटीच्या फाटकावरच्या फ्लेक्सवरून आलं, पहिला आठवडा मोफत.

तिथे बर्पी नावाचा एक प्रकार असतो. उभं राहायचं, खाली बसायचं, पाय मागे फेकायचे, परत पोटाशी घ्यायचे, उठायचं. मला वाटायचं हा उलटीबिलटीशी संबंधित शब्द असणार. पण रॉयल बर्पी हे चक्क एका अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाचं नाव निघालं. १९३०च्या दशकात त्याने ही हालचाल बसवली, ती माणूस कितपत धडधाकट आहे हे चटकन तपासण्यासाठी. मोजक्याच वेळा करायची, आधीचे आणि नंतरचे ठोके बघायचे, संपलं. पुढे दुसऱ्या महायुद्धात ती लष्कराच्या हाती लागली आणि लष्कराच्या हाती लागलेल्या वस्तूचं जे होतं तेच तिचंही झालं. आता ती आमच्यापर्यंत पोचली आहे. डॉक्टरने नाडी बघायला धरलेला हात महिनाभर सोडूच नये, तसं वाटतं मला.

मांड्या त्या दिवशी दुखत नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी, आपण सगळं विसरलेलो असताना, ऑफिसचा जिना उतरायची वेळ येते. चढताना काही नाही, उतरताना देव आठवतो. लॅक्टिक अॅसिड साचतं म्हणून दुखतं, असं आम्ही शाळेपासून ऐकत आलोय. ते तर व्यायाम थांबल्यावर तासाभरात निघूनही जातं म्हणे. स्नायूंच्या धाग्यांना बारीक बारीक इजा होते ती दुखते, आणि ती जास्त होते भार पेलत स्नायू लांबवताना. कारण कळलं म्हणून जिना सोपा होत नाही. मी कठड्याला धरून आडवी आडवी उतरते आणि कुणी भेटलं तर फोनवर बोलत असल्यासारखं करते.

व्यायाम आणि खाणं यांची जोडी माझ्या डोक्यात पहिल्यांदा बसली ती कोल्हापुरात, आजोळी. आजोबा पैलवान नव्हते, जिल्हा परिषदेत कारकून होते. पण कोल्हापुरात राहायचं आणि कुस्तीवर आपलं मत नसायचं, हे जमत नाही. खाशाबा जाधवांची गोष्ट ते दर मे महिन्यात नव्याने सांगायचे. हेलसिंकी ऑलिंपिक, १९५२, बँटमवेट गट, कांस्यपदक. राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी आपलं घर गहाण टाकून त्यांना सात हजार रुपये दिले, इथे आले की आजोबांचा आवाज बदलायचा. मग कराडातून त्यांच्या गावापर्यंत, गोळेश्वरपर्यंत निघालेली शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक. बैलगाड्यांचा आकडा दरवर्षी थोडा वाढायचा, पण आम्ही कोण बोलणार?

संध्याकाळी ते आम्हा भावंडांना गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर न्यायचे. रस्त्याकडेला म्हशी उभ्या, गवळी उकिडवे बसलेले, आणि चरवीत धार पडल्याचा आवाज. आधी रिकाम्या भांड्याचा पत्रा वाजतो, मग दूध वर चढत जातं तसा तो आवाज जाडसर होत होत बुडून जातो. धारोष्ण दुधाचा ग्लास हातात यायचा तो अंगाइतकाच गरम. वर बोटभर फेस, आणि म्हशीचा वास थेट. मला तो वास सहन होत नसे. आजोबा म्हणायचे, "एका दमात घे. वास घेत बसायचं नसतं." बाजूला तालमीतून आलेले पोरगे असायचे. मोडलेले कान, मानेवर तालमीतल्या तांबड्या मातीचा वाळलेला पट्टा. ते तसाच भला मोठा ग्लास तोंडाला लावायचे, फक्त घाटी वर-खाली होताना दिसायची, आणि रिकामा ग्लास पुढे करत म्हणायचे, "आनि एक."

परतताना तालीम लागायची. पोरींना आत मज्जाव. माझा धाकटा भाऊ, ज्याला साधी दोरीवरची उडी धड येत नव्हती, तो आत जाऊन माती कपाळाला लावून यायचा आणि मी दाराशी. दारातून जेवढं दिसेल तेवढं बघायचं. कमी उजेड, तेलाचा आणि घामाचा वास, त्यात हळद आणि ताक मुरवलेल्या मातीचा आंबूस वास मिसळलेला, कोनाड्यात शेंदूर फासलेला मारुती. आत कुणीतरी जोर मारत असायचं, आणि मोजणारा दुसराच असायचा. एक म्हातारा वस्ताद भिंतीला टेकून बसलेला, डोळे मिटलेले, आकडे मात्र चालू. जोर मारणाऱ्याने मोजायचं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही, आणि दारात उभ्या असलेल्या पोरीला कुणी सांगितलंही नसतं.

घरी आल्यावर आजीचं राज्य. तिथे मोजणीच बंद. दुरडीत किती भाकरी आहेत, कुणी किती खाल्ल्या, हे मोजायचं नाही, जेवणाऱ्याच्या पानाकडे टक लावून बघायचं नाही. "मोजू नको गं, बरकत जाते." आणि पानावरून कुणी 'पुरे' म्हटलं की तिचा हात पुढे येणारच. "एवढी चतकोर. लहान आहे बघ. ही शेवटची." चतकोर म्हणून वाढलेली भाकरी अर्धी निघायची, आणि शेवटचीनंतर अजून एक शेवटची असायची. पोट फुटायला आलंय हे सांगायला तिच्याकडे भाषाच नव्हती. ज्या अर्थी बोलतोय, त्या अर्थी जागा आहे.

आता पोळीला शंभरेक कॅलरी, हे मला झोपेतही सांगता येईल. सरांनी दिलेल्या तक्त्यात आहे, शरीराच्या वजनाच्या किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे साठ किलोच्या बाईला पन्नासेक ग्रॅम, ही सरकारी शिफारस. ज्यांना सरांसारखे दंड हवेत त्यांना अर्थात जास्त. या पन्नास ग्रॅमपायी आमच्या ग्रुपवर काय काय चालतं! एकीने कणकेत प्रोटीन पावडर मळली, त्या पोळ्या कामवाल्या मावशींनी वास घेऊन परत दिल्या. दुसरी ऑफिसात उकडलेली अंडी नेते आणि डबा उघडला की आजूबाजूच्या खुर्च्या हळूच सरकतात. मला कळत नाही, दाण्याचं कूट असताना मराठी माणसाने इतकं घाबरायचं काय कारण? शेंगदाण्यात शंभर ग्रॅममागे पंचवीस ग्रॅम प्रथिनं असतात. आपण कूट कशात घालत नाही? कोशिंबिरीत घालतो, भरल्या वांग्यात घालतो, साबुदाण्याच्या खिचडीत तर साबुदाणा नावापुरता. सरांना हे सांगितलं तर म्हणाले, "मॅडम, फॅटही बघा ना त्यातलं." बघितलं. प्रथिनांच्या जवळजवळ दुप्पट आहे. मग तो विषय मी सोडून दिला, कूट नाही सोडलं.

रविवारी 'एन्ड्युरन्स'. म्हणजे सिंहगड, आतकरवाडीच्या वाटेने. पुण्यात गड किती वेळात चढता यावरून माणसाची पत ठरते. चाळीस मिनिटं सांगणारा आणि सव्वा तास सांगणारा यांच्यात पुढे फारसं बोलणं होत नाही. मी वेळ सांगत नाही, मी 'निसर्ग बघत' चढते. वर पोचल्यावर काही खायचं नाही, असा सरांचा हुकूम. एक किलो चरबीत साधारण ७७०० किलोकॅलरी असतात, तासाभराच्या चढाईने जेमतेम पाचेकशे जातात आणि कांदाभजीच्या दोन प्लेटींत त्या सव्याज परत येतात, हे त्यांनी पायथ्याशीच आकडेमोड करून सांगितलं होतं. वर धुकं होतं. झोपडीतून पिठल्याच्या फोडणीचा वास येत होता, मावशी मडक्यातलं दही पुढे करून हाका मारत होत्या. सगळ्यात आधी कोण बसलं असेल? सर. "मी मेंटेनन्सवर आहे," असं म्हणत त्यांनी भाकरी मोडली. त्यांना वाढताना मावशी म्हणाल्या, "घ्या की अजून एक, तरणेबांड आहात," आणि त्यांनी घेतली.

या सगळ्या मोजण्यांत मला मनापासून आवडलेली मोजणी एकच. गुन्नार बोर्ग नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाची. दम किती लागतोय, हे ज्याला लागतोय त्यालाच विचारायचं आणि त्याने सहा ते वीसमधला एक आकडा सांगायचा. सहा म्हणजे काहीच नाही, वीस म्हणजे आता संपलंच. सहापासून सुरुवात का, तर दहाने गुणलं की साधारण नाडीचे ठोके मिळावेत, साठ ते दोनशे. मशीन नको, घड्याळ नको, माणसाच्या शब्दावर विश्वास. मी एका सकाळी धापा टाकत सरांना ओरडून सांगितलं, "सर, सतरा!" ते म्हणाले, "नाही मॅडम, अजून नऊच झालेत."

हे नऊ हा माझा सरांशी जुना तंटा आहे. ते मोजतात, "सहा, सात, आठ, नऊ... नऊ... पाय सरळ... नऊ... श्वास सोडा... नऊ..." आणि दहा काही येत नाही. आलाच तर मागून, "शाब्बास! आता आणखी पाच." मग, "आणखी एकच. शेवटचा." मी इतकी वर्षं नोकरीत हिशेब तपासते. कुणी नऊनंतर नऊ लिहिलेलं माझ्या हातून सुटत नाही. पण टाचा वर, तळवे मातीत आणि नाक जमिनीशी असताना हिशेब तपासता येत नाही. तशा अवस्थेत एकदा 'आणखी एकच' ऐकलं आणि मला हसू फुटलं, कारण तो सूर मला ओळखीचा होता. हीच लाडीगोडी, हाच खोटेपणा, 'पुरे' या शब्दाबद्दलचा हाच पक्का बहिरेपणा. हातात फक्त भाकरी नव्हती, शिट्टी होती. हसताना पोटावर पडले. सरांनी विचारलं, "ताई, बरं वाटतंय ना?"

आजोबा शेवटी पाच-सहा महिने अंथरुणावर होते. अन्नावरची वासना उडालेली. मी भेटायला गेले तेव्हा आजी उशाशी वाटी घेऊन बसली होती, भाताची पेज, वर मिठाची कणी. मला बघून 'कधी आलीस' वगैरे काही नाही. म्हणाली, "आज सात चमचे घेतले. काल पाच घेतले होते." आयुष्यात कुणाची भाकरी न मोजलेली बाई. संध्याकाळी डॉक्टर आले तर त्यांनाही तिने आठवड्याचा हिशेब तोंडपाठ सांगितला, सोमवारचे किती, मंगळवारचे किती. आणि आठवा चमचा पुढे करून ती आजोबांना म्हणत होती ते काय, ते मी सांगायला नको. त्यांनी तोंड फिरवलं. तिने चमचा वाटीत ठेवला नाही, तसाच हातात धरून बसली.

मोजणारा दुसराच का असावा लागतो, याचं काहीतरी उत्तर मला या सगळ्यात सापडतंय असं वाटत होतं. निदान सरांकडे तरी काही विचार असेल, त्यांच्या अभ्यासक्रमात शिकवत असतील. म्हणून परवा चटई गुंडाळताना विचारलं, "सर, तुम्ही नऊ तीन-तीनदा का म्हणता? काही शास्त्र आहे का त्यामागे?"

ते जरा लाजले. "खरं सांगू मॅडम? तुमच्यातलं कुणी ना कुणी मध्येच बोलतं, मग माझा आकडा चुकतो. नऊ म्हणत राहिलं की सेफ असतं. दहा म्हटलं की तुम्ही सगळ्या उठून पाणी प्यायला जाता."