'मृत्यू झाल्यास' पुढचा रकाना

दुपारपासून वीर्य गोठवण्याच्या संमतिपत्रातला तो रकाना डोळ्यांपुढून हलत नाहीये. 'मृत्यू झाल्यास किंवा असमर्थता आल्यास नमुन्याचे काय करावे?' पुढे कोरं. खाली सही मात्र व्यवस्थित, तारखेसकट.

कर्करोग झालेला मुलगा, केमो सोमवारी, म्हणजे वीर्याचा नमुना आजच हवा होता. वीर्य पातळ व्हायला अर्धा तास, मग मोजणी, मग गोठताना जपणारं ग्लिसरॉलचं द्रावण थेंब थेंब करत. एकदम ओतलं तर शुक्राणूंना तो ताण सोसत नाही. मग नायट्रोजनच्या वाफेवर, आणि शेवटी उणे १९६ अंशांत. इतकं जपूनही वितळल्यावर बरेचसे हलत नाहीतच, म्हणून व्हायल, म्हणजे छोटी कुपी, एकच भरत नाहीत. या सगळ्याला वेळ होता. त्या एका ओळीला नव्हता. आई शेजारी बसलेली असताना त्या वयाच्या मुलाला हे विचारायचं कसं? बोट आपोआप खाली सरकतं. "इथे सही."

सहाय्यक प्रजननाचा २०२१चा कायदा सरळ सांगतो, या प्रश्नाचं लेखी उत्तर घेतल्याशिवाय गोठवायचंच नाही. मृत्यूनंतर नमुना काढायचा तरी आधीची संमती हवी. सगळं ठाऊक आहे. पण हे ओझं प्रयोगशाळेतल्या माणसानेच का उचलायचं? डॉक्टर आजाराचं बोलतात, घरचे बरं होण्याचं. मरणाची ओळ तेवढी आमच्या वाट्याला.

दिल्ली उच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०२४ला एका अविवाहित मुलाचा गोठवलेला नमुना त्याच्या आईवडिलांना द्यायला सांगितला. तो कर्करोगाने २०२०मध्ये गेला होता, कायदा यायच्या आधी. संमती दिसत असेल तर मृत्यूनंतरच्या प्रजननाला आपल्याकडे बंदी नाही, असं न्यायालय म्हणालं. नमुना ही त्याची संपत्ती, असंही. त्या शब्दाशी मी अडखळते. पुण्यात २०१८मध्ये अशीच जुळी झाली, गेलेल्या मुलाच्या नमुन्यातून, सरोगसीने. त्या आजीचं दुःख मला परकं वाटत नाही. नातवंडं मोठी होईपर्यंत तिचं वय... असो.

पण बरा झाल्यावर बाप होता यावं म्हणून जपून ठेवणं वेगळं, आणि आपण नसताना आपलं मूल जन्मावं असं वाटणं वेगळं. सही पहिल्यासाठी असते. रकाना कोरा राहिला की त्याच सहीतून लोक दुसरं वाचतात. आईवडील वाचतात, वकील वाचतात, न्यायाधीशही वाचतात. वाचता येत नाही ते फक्त त्याला.

विचारणारं दुसरं कोणी येणार नाही, हे आता मान्य करून टाकलंय. मीच विचारीन. आईला बाहेर बसवून, दार लावून, पर्याय एकेक वाचून: नष्ट करा, संशोधनाला द्या, की कुणाच्या हाती द्यायचं, त्याचं नाव लिही. विचार करायला एक रात्र दे म्हणाला तर द्यायची.

सोमवारी अकराला सलाईन लागेल. त्याआधी फोन. काकूच, त्याची आई, उचलतील. त्यांना म्हणायचं, जरा त्याला द्या.