माळवदावरून दिसलेला स्पुटनिक

मॉस्कोतील सहा दिवसांपैकी पाच दिवस राजवाडे, चर्च आणि मेट्रोची देखणी स्थानके पाहण्यात गेले. त्यांच्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मला लिहायचे आहे ते व्हेदेएनखा स्थानकाजवळच्या अंतराळ संग्रहालयाविषयी. टायटॅनियमच्या पत्र्याने मढवलेल्या १०७ मीटर उंच स्मारकाच्या पायथ्याखाली हे संग्रहालय आहे. आमच्या सहल कंपनीने त्यासाठी पाऊण तास दिला होता आणि भेटवस्तूंच्या बाजारासाठी दोन तास. याचा मला अजूनही राग आहे. मी बाजाराला गेलोच नाही.

माझ्या वडिलांनी १९५७च्या दिवाळीनंतर एका पहाटे, सोलापुरातल्या आमच्या घराच्या माळवदावरून स्पुटनिक, म्हणजे सोव्हिएत संघाने सोडलेला जगातला पहिला कृत्रिम उपग्रह, पाहिला होता. तेव्हा ते दहा वर्षांचे होते. आजोबांनी त्यांना घोंगडीसकट उचलून वर नेले आणि ताऱ्यांमधून सरकत जाणारा एक ठिपका दाखवला. ही आठवण ऐकतच आम्ही भावंडे वाढलो.

त्यामुळे स्पुटनिकच्या त्या प्रतिकृतीसमोर मी बराच वेळ उभा राहिलो. अवघा ५८ सेंटिमीटर व्यासाचा गोळा आणि त्याला मागे झुकलेल्या चार लांब अँटेना. मूळ उपग्रहाचे वजन ८३.६ किलो होते. चिंचेने घासलेल्या भांड्यासारखा तो लखलखत होता, आणि ती लकाकी केवळ शोभेसाठी नव्हती: ऊन परतवून आतली यंत्रणा तापू नये, म्हणून पृष्ठभाग इतका गुळगुळीत केला होता. आधी पाठवायची होती ती सव्वा टनाहून जड प्रयोगशाळा. ती वेळेत तयार होईना, तेव्हा सोव्हिएत अग्निबाणांचे मुख्य रचनाकार सर्गेई कोरोल्योव्ह यांनी हा साधा गोळा पुढे केला. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी तो कक्षेत गेला, दर ९६ मिनिटांनी पृथ्वीला एक फेरी घालू लागला आणि तीन आठवडे त्याचे ‘बीप बीप’ जगभरच्या रेडिओंवर ऐकू येत राहिले. ज्यांनी हे घडवले, त्या कोरोल्योव्ह यांचे नाव मात्र १९६६मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत जगाला कळू दिले नाही. हा अन्याय मला फार लागला. पेंढा भरून ठेवलेल्या बेल्का आणि स्त्रेल्का या कुत्र्याही तिथेच आहेत. त्या १९६०मध्ये अंतराळातून जिवंत परतल्या. दुसऱ्या स्पुटनिकमधल्या लायका या कुत्रीच्या परतीची सोयच केलेली नव्हती. तिथे मला थांबवले नाही.

हा गोळा जमिनीवरून कसा दिसत असेल, असे मी तिथल्या वयस्कर मार्गदर्शकांना विचारले. त्यांनी आधी मला बसायला खुर्ची दिली आणि मग शांतपणे सांगितले की, नुसत्या डोळ्यांना तो दिसणे फार अवघड होते. लोकांनी पाहिला तो बहुधा त्याच्याबरोबर कक्षेत गेलेला, पंचवीस मीटरहून लांब असा अग्निबाणाचा मुख्य टप्पा. तो डिसेंबरच्या आरंभी जळाला आणि स्पुटनिक ४ जानेवारी १९५८ रोजी.

हे वडिलांना सांगावे की नाही, याचा विचार मी संध्याकाळपर्यंत करत होतो. शेवटी फोनवर सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले.

“म्हणजे स्पुटनिक तिथे नव्हताच का रे?”

“होता, बाबा. त्याच वाटेने मागून येत होता.”

“आणि केवढा होता म्हणालास?”

“आपल्या न्हाणीघरातल्या तांब्याच्या हंड्याएवढा.”

“बरं,” ते म्हणाले, “त्याचा एक फोटो पाठव.”